मानकरणीचे दागिने

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची म्हणाल, तर तेव्हा समुद्र आजच्याइतका खारट नव्हता आणि खेकडे सरळ चालत असत. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी एवढं सोडून द्यावं. बाकीची गोष्ट याहून बरीच खरी आहे.

त्या काळी एका खाडीच्या मुखाशी कोळ्यांचं एक गाव होतं. गावाला राजा होता, पण तो डोंगरापलीकडे राहायचा. सुकटीचा वास त्याला सोसत नसे, म्हणून तो कधी इकडे फिरकला नाही. त्यामुळे गावाचं बरं चाललं होतं.

गावात नावा पुष्कळ होत्या, आणि प्रत्येक नाव ही सवाशीण असं गाव मानायचं. नावेवर जे पितळी सामान असतं, म्हणजे नांगराचा दोर बांधायचा खुंटा, दोर ओवायच्या कड्या, शीड चढवायच्या कप्प्या, ते सगळे तिचे दागिने. नाव पहिल्यांदा पाण्यात ढकलायची त्या दिवशी हे दागिने तिच्या अंगावर चढवायचे, हळदकुंकू लावायचं, आणि मग जन्मात उतरवायचे नाहीत. सवाशिणीच्या अंगावरचे दागिने कधी उतरतात हे काय कुणाला सांगायला हवं?

उतरवायचे नाहीत, पण घासायचे मात्र खूप. चिंच लावून घासायचे, राखेनं घासायचे, वर नारळाच्या काथ्यानं पुसायचे. ज्याचं पितळ जास्त लखलखीत, त्याची नाव ताफ्यात पुढे. हा गावचा कायदाच होता म्हणा ना.

ताफ्यात सगळ्यात पुढे असायची हसुराम नाखव्याची नाव. तिचं नावच मानकरीण. तिच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला, कलशाएवढा पितळेचा खुंटा होता. तो हसुरामच्या आज्यानं बसवला होता. त्याची झळाळी अशी, की बांगडे आपली तोंडं बघायला पाण्यावर यायचे आणि आयते जाळ्यात सापडायचे. एक खंड्या तर खुंट्यातल्या आपल्याच रूपावर इतका भाळला, की त्यानं घरटंच बांधलं नाही. बायकोनं टाकलं त्याला शेवटी.

तर अशा या हसुरामच्या लेकीचं, सगुणेचं लग्न ठरलं. स्थळ समोरच्या बेटावरचं. तुळशीचं लग्न लागलं की दुसऱ्याच आठवड्यात मुहूर्त होता. वऱ्हाड मानकरणीतूनच जाणार, यात बोलायचं काही नव्हतं.

आता त्या बेटाला जायचं म्हणजे एक अडचण असायची. बेटाच्या बंदरात शिरायच्या वाटेवर खडकांची रांग होती. भरतीचं पाणी खडकांवर चढेपर्यंत आत शिरता यायचं नाही. तोवर बाहेर नांगर टाकून थांबायचं. पुढून वारा, मागे खडक, आणि सगळी नाव माणसांसकट लोंबकळणार नांगराच्या एका दोराला. तो दोर बांधलेला नाळेवरच्या त्या खुंट्याला. खुंटा असला तर नाव असायची.

लग्नाची तयारी सुरू झाली तेव्हा हसुरामनं तांदळाची पोती नावेच्या पोटात, नाळेखालच्या कोठीत रचली. चार दिवसांनी बघतो तर वरचं पोतं भिजलेलं. पाऊस तर केव्हाच गेला होता. त्यानं वर मान केली. डोक्यावरच्या फळीवर काळा डाग होता, आणि डागातून एक थेंब सावकाश सुटला आणि त्याच्या नाकावर पडला. थेंबाला आंबूस वास होता.

हसुरामनं डागाला बोट लावलं. बोट आत गेलं. लाकडात बोट जातं तसं नाही, भिजल्या भाकरीत जातं तसं.

"दार लोटा, वारा येतो," आतून कुणीतरी म्हणालं.

बघतो तर भोकात एक खेकडा बसला होता. चांगला पोसलेला, हातपाय पसरून.

"तू इथं काय करतोस?" हसुरामनं विचारलं.

"राहतो," खेकडा म्हणाला. "माझा आजा इथं आला तेव्हा एका पायापुरती जागा होती म्हणे. तुमच्या आज्यानं वर छप्पर घातलं, पितळेचं, ते छप्पर पुन्हा कुणी उचललं नाही. खिळ्याच्या कडेनं पाणी झिरपतं, लाकूड मऊ होतं, आम्ही एक खोली वाढवतो. आता तर पाहुणे आले तरी निजायला जागा आहे."

"पण वर खुंटा केवढा चमकतोय."

"चमकणारच. तुम्ही माणसं मोठी कष्टाळू. घासताना खालपर्यंत आवाज येतो. पोरं निजतात त्या आवाजावर." खेकड्यानं नांगी हलवली. "एकच करा, चिंचेचं पाणी जरा कमी टाका. आत येतं ते. म्हातारीला झोंबतं."

हसुराम वर आला. खुंट्यासमोर बसला. हात सवयीनं खुंटा पुसत होते.

काय करावं? खुंटा उचलून बघायचा म्हणजे मानकरणीच्या अंगावरचा दागिना उतरवायचा, आणि तोही लेकीच्या लग्नाच्या तोंडावर. गाव काय म्हणेल? बेटावरचे व्याही काय म्हणतील? सोयरीक मोडली तर? लग्न होऊन जाऊ दे, मग बघू, असं त्यानं ठरवलं. आपण सगळेच असं ठरवतो. मग त्यानं थोडी राळ तापवली आणि खुंट्याच्या बुडाभोवती बाहेरून गोल लेप दिला. वर पुन्हा पुसून लख्ख केलं. बघणाऱ्याला काही कळलं नसतं.

"बरं झालं," खालून आवाज आला. "आत आलेलं पाणी आता बाहेर जाणार नाही."

हसुराम घरी गेला तर तिथं वेगळाच गोंधळ चालला होता. सगुणेच्या कानाच्या वरच्या पाळीत लग्नासाठी नवी बुगडी घातली होती. ती पाळी सुजून लाल झाली होती. पोरगी भिंतीला टेकून बसली होती, डोळ्यांत पाणी. हसुरामची बायको हौसा तिच्यापुढे गरम पाण्याची वाटी घेऊन बसली होती.

"काय करतेस?" हसुरामनं विचारलं.

"बुगडी काढते."

"अगो, लग्न आठवड्यावर आलं. नव्या नवरीच्या अंगावरचा दागिना काढतात का? लोक काय म्हणतील?"

हौसानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "लोकांचा कान नाही पिकला. ठेवली बुगडी, आणि गेला कान झडून, तर मग बुगडी काय लोकांच्या नाकात अडकवू?"

"वरून हळद लाव थोडी."

"वरून लावली परवा. आतला पू आतच राहिला." तिनं फिरकी हळूच सैल केली. सगुणेनं आईचा गुडघा आवळून धरला. बुगडी निघाली, मागोमाग घाणही आली. हौसानं पाळी धुतली, पुसली, वाऱ्याला सुकू दिली. मग हळद कालवलेलं तेल लावलं आणि भोक बुजू नये म्हणून कडुनिंबाची बारीक काडी आत घातली. बुगडी धुऊन ओटीत ठेवली.

"परत कधी घालायची गो आये?" सगुणेनं विचारलं.

"कान सांगेल तेव्हा. घाई केलीस तर पुन्हा पिकेल."

हसुराम त्या काडीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हौसा, मानकरणीचा कान पिकलाय."

त्यानं सगळं सांगितलं. थेंबाचं सांगितलं, बोट आत गेल्याचं सांगितलं. खेकड्याचं मात्र सांगितलं नाही, कारण बायकोला काय सांगावं आणि काय नाही हे इतक्या वर्षांत त्याला कळलं होतं.

हौसा उठली. "मग बसलात काय? नारू सुताराला हाक मारा."

नारू सुतार गावातला सगळ्यात बडबड्या माणूस. पण खुंटा उचलायचा म्हटल्यावर त्याचा आवाज एकदम खाली आला. "नाखवा, माझ्या बापानंसुद्धा कधी हे केलं नाही. उद्या गावात कुणाची नाव बुडाली तर माझ्या नावानं खडे फोडतील."

"आणि परवा माझी पोरगी बुडाली तर?" हसुराम म्हणाला. नारूनं पाना उचलला.

भरल्या सकाळी, सगळ्या गावादेखत, मानकरीण वाळूवर ओढली आणि तिचे दागिने उतरवायला सुरुवात झाली. नारू खाली कोठीत शिरून खिळ्यांच्या टोकांवरच्या चाक्या फिरवत होता, हसुराम वरून खिळे धरत होता. हौसा सूप घेऊन बसली. जो खिळा ज्या भोकातून निघाला तो सुपात त्याच जागी मांडायचा, कडीपुढे कडी, कप्पीपुढे कप्पी. वर्षानुवर्षं एका भोकात बसलेला खिळा त्या भोकाच्या वळणाचा झालेला असतो. दुसऱ्याच्या जागी तो कुरकुरतो.

गाव जमलं. बायकांनी तोंडाला पदर लावले.

"हसुराम, नाव बोडकी केलीस रे," एक म्हातारा म्हणाला. "लेकीचं लग्न आणि हे अवलक्षण."

"बोडकी कशानं?" हौसानं सुपातून मान वर केली. "माहेरी आलीय ती. तुमच्या सुना माहेरी जातात तेव्हा पाटल्या-गोठ काढून, न्हाऊन माखून, चार दिवस मोकळ्या अंगानं निजतात, का बैलासारख्या घुंगरमाळा घालून? हिनं एवढी वर्षं तुमच्या ताफ्याचं पुढारपण केलं. घेऊ दे की विसावा."

म्हाताऱ्याच्या सुना मागेच उभ्या होत्या. त्या हसल्या. म्हातारा खोकला आणि मागे सरला.

शेवटी खुंटा हलवला. तो न ओढताच हातात आला. त्याच्याखाली लाकूड नव्हतंच. काळा, ओला लगदा होता. खेकडा आपल्या घरच्यांना घेऊन केव्हाच समुद्राकडे निघून गेला होता. मागची पोकळी बघून बायकांचे पदर तोंडावरून खाली आले.

ही बातमी बेटावर पोचायला वेळ लागला नाही. नवऱ्या मुलाचा चुलता धाकोजी स्वतःची नाव घेऊन आला. धाकोजी म्हणजे बेटावरचं मोठं प्रस्थ. मिशीला तेल लावायचा ते पितळाला लावून उरलेलं, असं लोक म्हणत.

"व्याही," तो वाळूवर उभा राहून म्हणाला, "आमच्याकडे अशा नावेतून सून येत नाही. आजच्या आज हे सगळं परत चढवा, नाहीतर सोयरीक मोडली म्हणून समजा."

सगुणा दूर उभी होती, कानात काडी घालून. हसुरामनं एकदा तिच्याकडे बघितलं.

"वर या, व्याही," तो म्हणाला. "इथं हात घाला."

धाकोजीनं खुंट्याच्या जागी हात घातला. तो कोपरापर्यंत आत गेला. त्यानं हात बाहेर काढून नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं.

"याच्या जोरावर तुमच्या खडकांपुढे नांगर टाकायचा," हसुराम म्हणाला. "सून नावेतून यायला हवी का पोहत, ते तुम्ही ठरवा. मोडायची असेल तर मोडा सोयरीक. पोरगी घरात राहील, तळाशी नाही."

धाकोजीनं खाली उतरून आपला हात वाळूनं घासला. मग म्हणाला, "बरं. करा काय करायचं ते. पुढचा मुहूर्त धरू. तुमची नाव अशी आतून पोकळ आहे हे मला काय ठाऊक?"

"तुमचीही एकदा उचलून बघा," नारूला आता कंठ फुटला होता. "आलाच आहात तर."

"आमचीला काही झालेलं नाही," धाकोजी म्हणाला. "आमचीचा खुंटा बघ केवढा चमकतोय."

मग काम सुरू झालं. नारूनं सडलेलं लाकूड कोरून काढलं, थेट घट्ट लाकूड लागेपर्यंत, आणि ते लागेपर्यंत बरंच काढावं लागलं. मग काहीच करायचं नव्हतं. उन्हात ठेवायचं. हसुरामला हेच जड गेलं. दर सकाळी तो भोकात हात घालून बघायचा आणि नारू दर सकाळी म्हणायचा, "अजून गार लागतंय." तोवर बाकी सामानाचं काम चाललं. कप्प्या खोलून त्यांतला जुना मळ काढला, कड्या धुतल्या, वाकलेले खिळे बाजूला काढून तसेच नवे घडवले.

लाकूड कोरडं झालं तेव्हा त्याला उंडीचं तेल पाजलं. पोकळीत सागाचा नवा तुकडा घट्ट ठोकून बसवला आणि त्याला नव्यानं भोकं पाडली. खालच्या बाजूनं सागाची जाड फळी लावली, म्हणजे खुंट्याला बसलेली ओढ एका जागी न येता पसरून जाईल. मग राळ, चुना आणि तेल कुटून केलेला लगदा बुडाला थापला, त्यावर खुंटा ठेवला, खिळे घातले.

हसुरामनं पाना घेतला आणि सगळा जोर लावून आवळायला लागला. नारूनं त्याचा हात धरला.

"आता पुरे."

"अजून फिरतंय की."

"फिरतंय म्हणूनच पुरे. लगदा अजून ओला आहे. आत्ताच आवळलात तर सगळा बाहेर येईल, आणि आत पितळ नि लाकूड कोरडेच टेकतील. मग त्या फटीतून पुन्हा पाणी. आज नुसतं धरायचं. तो जरा आळला की मग आवळायचं."

"हे तुला कुणी शिकवलं?"

"परवा एका कडीवर मीच चूक केली," नारू म्हणाला. "सगळा लगदा माझ्या पायावर आला."

असं करत मानकरीण पुन्हा सजली. सगुणेचा कानही बरा झाला. पुढच्या मुहूर्ताला वऱ्हाड निघालं. धाकोजी सुनेला न्यायला वाजंत्री घेऊन आपल्या नावेतून आला होता. त्याची नाव पुढे, मानकरीण मागे. हसुरामनं मानाचं काही मनाला लावून घेतलं नाही, कारण त्याचा सगळा जीव खुंट्याकडे लागला होता.

बेटाजवळ पोचले तेव्हा पाणी अजून चढायचं होतं. दोन्ही नावांनी खडकांच्या बाहेर नांगर टाकले. तेवढ्यात वारा वाढला. समुद्र उसळायला लागला. मानकरणीचा दोर ताणून वाजायला लागला. हसुराम गुडघ्यावर बसला आणि खुंट्याच्या बुडाला बोट लावून राहिला. दर लाटेला नाव मागे हटायची, दोर आवळायचा, आणि खुंटा जागचा हलायचा नाही.

शेजारी सनई अर्ध्यात थांबली.

हसुरामनं मान वळवली. धाकोजीच्या नाळेवर खुंटा होता त्या जागी आता फक्त भोक होतं. खुंटा दोरासकट पाण्यात गेला होता. नाव मोकळी होऊन मागे खडकांकडे सरकत होती, आणि वाजंत्री ढोल कवटाळून बसले होते.

"व्याही," धाकोजी ओरडला.

"दोर फेक," हसुराम आपल्या खलाशाला म्हणाला. पहिल्यांदा दोर पाण्यात पडला. दुसऱ्यांदा धाकोजीनं तो झेलला. पण तो बांधायचा कशाला? त्याच्या नावेवर विश्वास ठेवावा असं एकही पितळ उरलं नव्हतं. शेवटी त्यानं तो डोलकाठीच्या बुंध्याला गुंडाळला. इकडचं टोक हसुरामनं मानकरणीच्या खुंट्याला बांधलं.

आता एका खुंट्याला दोन नावा लोंबकळत होत्या. हौसानं सगुणेला जवळ घेतलं. फळ्या करकरल्या, दोरातून पाणी पिळून निघालं. नारू कोठीत शिरून खालच्या फळीला पाठ लावून बसला होता. मधूनमधून वरून कुणीतरी विचारायचं, "काय म्हणतोय?" आणि खालून उत्तर यायचं, "कोरडा आहे."

पाणी चढलं. वारा थोडा पडला. मानकरीण खडकांवरून आत शिरली, आणि मागून, वासरासारखी, धाकोजीची नाव.

लग्न लागलं. जेवणं झाली. दुसऱ्या दिवशी ओहोटीला माणसं धाकोजीचा नांगर काढायला गेली. दोराच्या टोकाला खुंटाही आला. तो अजून लखलखत होता, आणि त्याच्या बुडाला मूठभर काळा लगदा चिकटलेला होता. धाकोजी तो मांडीवर घेऊन किती तरी वेळ वाळूत बसला. मग उठून नारू सुताराकडे गेला.

"आमचीला पण माहेरी पाठवायचं म्हणतो," तो म्हणाला. "तुला सवड कधी आहे?"

तेव्हापासून त्या किनाऱ्यावर दरसाल प्रत्येक नावेचे दागिने उतरवतात, खालचं लाकूड बघतात, सुकवतात, आणि घाई न करता परत चढवतात. नुसतं घासून चमकवणाऱ्याची नाव ताफ्यात आता पुढे जात नाही.

मुलांनो आणि मोठ्यांनो, बोध एवढाच: ज्याच्यावर आपला जीव आहे त्याला वरून चमकवणं म्हणजे जपणं नव्हे, लोक काय म्हणतील याची भीती सोडून ते उचलावं आणि खाली काय झालंय ते बघावं.